श्रेयाच्या झोपेचं पेट्रोल

जगातलं तेल एक दिवस संपणार, हे आता सर्वांना मान्य आहे. ते आपल्या टाकीतलं आधी संपू नये, एवढीच प्रत्येकाची माफक अपेक्षा असते. गारखेड्यातली आमची सोसायटी अपेक्षेवर थांबली नाही. तिनं ‘तेलोत्तर वाहतूक समिती’ नेमली. पहिल्या बैठकीला अकरा सदस्य अकरा दुचाक्यांवरून आले. (बैठक सोसायटीच्याच हॉलमध्ये होती. दोघांना गाडी लावायला जागा मिळाली नाही, ते घरी परतले.)

समितीनं इंधनाचा वापर तपासला. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणं: आवश्यक. विसरलेल्या मिरच्यांसाठी दुसरी फेरी: अत्यावश्यक. माझ्या चौदा महिन्यांच्या श्रेयाला झोपवायला दुपारी स्कूटरवर एक चक्कर: उधळपट्टी.

श्रेया पाळण्यात झोपत नाही, अंगाईनं तर ताजीतवानी होते. तिला स्कूटरचा आवाजच लागतो. ती झोपते तेवढ्यात मी जेवते.

अध्यक्ष तात्यासाहेब समजुतीनं म्हणाले, “पोरी, प्रवास म्हणलं की ठिकाण लागतं. तुला पोचायचं कुठं असतं?”

“झोपेपर्यंत, तात्या.”

असं ठिकाण नकाशावर नसल्यानं चक्कर रद्द झाली.

समिती निर्दय मात्र नव्हती. तिनं लगेच इंधनमुक्त प्रयोग मंजूर केला: स्कूटर बंद, तिच्यावर मी, छातीशी बांधलेली श्रेया, मागून ढकलायला तात्यासाहेब आणि शेजारून चालत ‘ढुर्रर्र’ म्हणायला सचिव मंजुषाताई. ढुर्रर्र लई झकास होतं. श्रेयानं टाळ्या वाजवल्या आणि आणखी मागितलं. तिसऱ्या फेरीनंतर तात्यासाहेब बाकावर टेकले आणि घोरू लागले. (इतिवृत्तातली नोंद: प्रयोग यशस्वी, लाभार्थी चुकला.)

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी “घरीच असते”. दरम्यान इंधनबचतीच्या सूचना आमच्या खिडकीखालच्या फळ्यावर लागल्या, आणि जे समितीला जमलं नाही ते फळ्याला जमलं. येणारा-जाणारा तिथं थांबतो, एक पाय टेकवतो आणि गाडी चालू ठेवूनच सूचना वाचतो. ‘थांबल्यावर इंजिन बंद करा’ या कलमापाशी तर बहुतेक जण मान डोलावतात. वर श्रेयाचे डोळे मिटू लागतात.

म्हणून त्याच फळ्यावरचा हा अहवाल जरा लांबवला आहे. आत्ता तुमचीही गाडी चालूच आहे. लाजून एकदम बंद करू नका, श्रेया दचकून उठते. वाचून झालं असेल तर कृपया पुन्हा पहिल्यापासून वाचा.

माझी अजून अर्धी भाकरी राहिली आहे.