दहा वाजून दहा मिनिटांचा फोटो

माझ्या सगळ्या घड्याळांचा एक फोटो काढायचा, एवढंच मी ठरवलं होतं. लोक लग्नात चारचारशे फोटो काढतात आणि सुखाने संसार करतात. मी एकच काढला आणि दुसऱ्या दिवशी माझी पाचावर धारण बसली.

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे आणि मला मनगटी घड्याळं जमवायचा नाद आहे. एकूण तेवीस आहेत. बायको त्यांना ‘माझ्या तेवीस सवती’ म्हणते. रोज वेगळं घालतो. सुट्टीच्या दिवशी दोन घालतो, दोन हातांत दोन. (फक्त घरात. बाहेर एकदा घालून गेलो होतो, तर कार्यालयातल्या हेडक्लार्कने विचारलं, ‘‘एक सासरची वेळ दाखवतं का?’’) आणि माझं एक तत्त्व आहे: वेळ बघायची ती मनगटावर. मोबाइलमध्ये वेळ बघणारी माणसं मला शेजाऱ्याच्या दारातला पेपर वाचणाऱ्या माणसांसारखी वाटतात.

तर आमच्या घड्याळवेड्यांच्या ग्रुपवर प्रत्येकाने आपापल्या संग्रहाचा फोटो टाकायचा, असं ठरलं. मी माझ्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्या काकांना सल्ला विचारला. ते डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, ‘‘सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं लाव. काटे असे वर राहिले की कंपनीचं नाव झाकत नाही आणि घड्याळ हसल्यासारखं दिसतं. आणि बाजूची चावी बाहेर ओढून ठेव, म्हणजे थांबून राहील.’’

रविवारी दुपारभर बसून मी बावीस चाव्या ओढल्या. (तेविसावं माझ्या हातात होतं. फोटो काढायला किती वेळ लागतोय ते बघायला नको?) गादीच्या पलंगपोसावर बावीस घड्याळं ओळीने हसत होती. फोटो झकास आला. ग्रुपवर कुणाला आवडला नाहीच, तर पुन्हा काढावा लागेल म्हणून मी सगळ्या चाव्या तशाच बाहेर ठेवून दिल्या.

आणि सोमवारी बायकोची मुलाखत होती.

हे मी विसरलो होतो असं कृपा करून समजू नका. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. नऊ वर्षं घर सांभाळल्यावर तिने पुन्हा नोकरी करायचं ठरवलं होतं. डोळ्यांच्या एका दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायची जागा निघाली होती. तिने विचारले जातील असे प्रश्न कागदावर लिहून ते स्वयंपाकघरातल्या फरशांवर चिकटवले होते. भांडी घासताना ती नळाला उत्तरं द्यायची. एवढ्या हौसेने तिला काही करताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं आणि मला मनापासून वाटत होतं की ही नोकरी तिलाच मिळावी.

सोमवारी मी खास रजा काढली. मुलाखत अकराची. स्कूटरवरून वीस मिनिटांचा रस्ता. बायको म्हणाली, ‘‘अहो, नातेवाइकांचे फोन येत राहतात म्हणून मी मोबाइल बंद करून ठेवते. वेळ तुम्ही सांभाळा. साडेदहा झाले की सांगा, आपण निघू.’’

घरातलं एकच काम माझ्यावर सोपवलं होतं आणि तेही घड्याळाचं! मी छाती पुढे काढून ‘‘तू निश्चिंत राहा’’ म्हणालो. (भिंतीवरचं घड्याळ केव्हाच बंद होतं. त्याचा सेल काढून मी टॉर्चमध्ये घातला होता. घड्याळं निरखायला उजेड लागतो.)

दहा वाजून पाच मिनिटांनी बायको साडी नेसून बाहेर आली आणि तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं.

‘‘हा कसला पट्टा! तुटून लोंबतोय नुसता. माझ्याबरोबर चारचौघांत येणार ना? तेवीस आहेत, एक तरी बरं घाला.’’

तिचं खरं होतं. मी कपाटातून माझं सगळ्यांत मानाचं घड्याळ काढलं, काळा पट्टा, सोनेरी कडा. वेळ बघितली. दहा वाजून दहा. अगदी बरोबर! मी ते हाताला बांधून खुर्चीत बसलो.

‘‘किती वाजले?’’ आतून बायको.

‘‘दहा-दहा. आरामात आवर.’’

मी चहा केला. प्यायलो. बूट पुसले.

‘‘जावईबापू, माझी गोळीची वेळ झाली का हो?’’ सासूबाईंनी विचारलं. मुलाखत म्हणून त्या मुद्दाम राहायला आल्या होत्या.

‘‘दहा वाजून दहा मिनिटं झालीत.’’

त्यांनी गोळी घेतली. मी स्कूटर पुसली. परत येऊन घड्याळ बघितलं तर अजून वीस मिनिटं हातात. आज वेळसुद्धा आपल्या बाजूने आहे, असं वाटून मला फार बरं वाटलं. मी चहाचं आधण पुन्हा ठेवलं.

‘‘अहो, किती?’’

‘‘दहा-दहा!’’

सासूबाईंनी मान वळवली. ‘‘गोळी घेतली तेव्हाही दहा-दहाच होते.’’

‘‘आई, काळजीत असलं की वेळ लवकर सरकत नाही,’’ मी समजुतीने म्हणालो.

‘‘सरकत नाही हे कबूल. पण जावईबापू, सेकंदाचा काटा तरी हलतो ना?’’

मी बघितलं. काटा हलत नव्हता. घड्याळ कानाला लावलं. आवाज नव्हता. चावी बाहेर होती. तत्त्व गुंडाळून मोबाइल काढला. दहा वाजून बावन्न मिनिटं!

पुढचं मला नीट आठवत नाही. आधण गॅसवर राहिलं, ते सासूबाईंनी उतरवलं. स्कूटर चौथ्या किकला सुरू झाली. बायको मागे बसली. मी तीनदा ‘‘चुकलो गं’’ म्हटलं. शेवटी एका चौकात ती एवढंच म्हणाली, ‘‘सिग्नल हिरवा झालाय.’’ तिने रडून घेतलं असतं, मला चार शब्द सुनावले असते, तर परवडलं असतं. मला माझीच लाज वाटत होती.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. बाहेर बाकांवर पेशंट ताटकळत बसले होते. मदतनीस म्हणाली, ‘‘मुलाखती संपल्या. बाई चहा घेतायत. विचारून येते.’’ ती आत गेली तेवढ्यात बायको बाकावरच्या दोनतीन जणांशी काहीतरी बोलली. दहा मिनिटांनी बोलावणं आलं. मी पण मागोमाग घुसलो.

टेबलामागे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, शेजारी मदतनीस उभी होती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

‘‘वेळा लावायच्या जागेसाठी अर्धा तास उशीर?’’

‘‘यात हिची काही चूक नाही!’’ मी उडी मारली. ‘‘सगळं माझ्यामुळे झालं. म्हणजे त्याचं असं आहे, दहा वाजून दहावर काटे ठेवले की कंपनीचं नाव झाकत नाही...’’ आणि मी सुरू झालो. फोटो सांगितला, चावी सांगितली, पट्टा सांगितला. (घड्याळांचा विषय निघाला की मला थांबवणं कठीण जातं, आणि समोर तीन माणसं मुकाट्याने ऐकतायत, असा योग आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.) मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या आतल्या स्प्रिंगकडे वळणार इतक्यात बायको म्हणाली,

‘‘अहो, तुमची चार मिनिटं झाली. आता बाहेर बसा.’’

आवाज शांत होता. मी वाक्य अर्धं टाकून उठलो.

ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. ‘‘बाई, मला पाचच मिनिटं द्या. पण त्याआधी बाहेर निळ्या शालीतल्या आजी आहेत, त्यांना आत घ्यायला सांगा. डोळ्यांत थेंब घालून वीस मिनिटांनी यायला सांगितलं होतं, पस्तीस होऊन गेली. त्यांच्या शेजारच्या काकांना नुसता चष्म्याचा नंबर हवाय, त्यांना कुणीही दोन मिनिटांत मोकळं करेल.’’

डॉक्टरीणबाईंनी मदतनिसाला आजींना आत घ्यायला पाठवलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

‘‘यांना तुम्ही नेहमी असंच थांबवता?’’

‘‘नऊ वर्षं,’’ बायको म्हणाली. ‘‘नाहीतर घरात जेवणं झाली नसती.’’

‘‘आमच्याकडे असे रोज वीस येतात,’’ डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. ‘‘त्यांना न दुखावता उठवणारं माणूसच आम्हाला मिळत नव्हतं. बसा. पाच नाही, पंधरा मिनिटं बोलू.’’

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. बायकोने ते चारदा वाचलं आणि मग फरशांवरचे कागद एकेक करून काढले. मी आनंदाने सबंध इमारतीत सांगत सुटलो. (ही नोकरी मुळात माझ्यामुळे मिळाली, असंही दोघातिघांना सुचवून बघितलं. सासूबाई मागेच उभ्या होत्या.)

पहिल्या दिवशी मी तिच्यासाठी संग्रहातलं एक नाजूक, छोट्या तबकडीचं घड्याळ काढलं. दुरुस्तीवाल्या काकांकडून साफ करून आणलं. वेळ रेडिओशी मिळवली, मोबाइलशी मिळवली, सकाळी उठून परत मिळवली. तिने हसून ते हाताला बांधलं. फार शोभत होतं. मला खरंच भरून आलं. चला, माझ्या नादाचा हिला एकदा तरी उपयोग झाला!

दवाखान्याच्या फाटकाशी मी स्कूटर थांबवली. ती उतरली, मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि सरळ स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या वॉचमनकडे गेली.

‘‘काका, किती वाजले हो?’’

काकांच्या हातात घड्याळ नव्हतं. त्यांनी फाटकाच्या सावलीकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाले, ‘‘पावणेदहा झाले असतील, बाई.’’

‘‘हां, मग बरोबर आहे हे,’’ असं म्हणून बायको निर्धास्तपणे आत गेली.