सुकलालआप्पांची विहीर

गावाला निघालेल्या माणसाबरोबर लोक फरसाण पाठवतात, साडी पाठवतात. आमचे सुकलालआप्पा गोष्ट पाठवायचे. उधना स्टेशनात त्यांच्या गावचा कुणी पिशवी घेऊन उभा दिसला, की आप्पांनी त्याचा खांदा धरलाच. "आयक भाऊ," म्हणून सुरुवात. जन्म कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे आवाज चढा, गोष्ट सगळा फलाट ऐकायचा.

इकडे शहरात, नवागामच्या वस्तीत आमची दारं समोरासमोर. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, तरी पाठ झाली नाही, कारण ती दर वेळी बदलायची. त्यांच्या खानदेशातल्या गावात एक जुनी विहीर होती, कधी न आटणारी. पण पूर्वी कुणा सुनेने तिच्यात जीव दिलेला, म्हणून ते पाणी कुणी तोंडाला लावत नसे. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन शेजारच्या गावात जायच्या. आप्पा सांगायचे, हे सगळं खोटं. त्या बाईने उडी मारलीच नाही, तिने ती विहीर खणली. आधी नवऱ्याबरोबर खणली, मग एकटीने, मग पोटुशी असताना. एकदा खडक लागला तेव्हा देवी धावून आली. मी म्हटलं, आप्पा, देवी मागच्या खेपेला नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "तिले येवाले उशीर व्हयना."

लोक हसायचे, मीही हसायचो. पण गोष्ट गावात मुरत गेली. एका उन्हाळ्यात गावाने खरंच विहीर उपसली, नारळ फोडला, बायका पाणी भरू लागल्या. आप्पांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले.

परवा मोबाइलवर फोटो आला. विहिरीवर संगमरवरी पाटी बसली होती, आणि विहीर खणणारी म्हणून नाव होतं सरपंचाच्या आजीचं. माझं डोकं फिरलं. मी फोटो आप्पांपुढे धरला आणि म्हणालो, गावी जा, खरं काय ते सांगा.

आप्पांनी फोटो मोठा करून पाटी वाचली.

"उडीच मारेल व्हती तिनी," ते म्हणाले. "मनी माय व्हती ती."

आप्पा सांगत राहिले. बायका उन्हात हंडे वाहायच्या आणि पावलोपावली त्या मेलेल्या सुनेला शिव्या द्यायच्या. ती कुणाची कोण, हे नव्या माणसांना ठाऊकही नव्हतं. लहानपणापासून त्यांनी आपल्या आईला पडणाऱ्या त्या शिव्या ऐकल्या होत्या. आता कुणी देत नाही, म्हणाले, मग पाटीवर नाव कुणाचंही असो.

मी विचारलं, पण तिने उडी का मारली?

ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हा ते अगदी लहान होते. माहीत असलेली एकच म्हातारी उरली होती, त्यांची फुई, वडिलांची बहीण. पाणी सुरू झाल्यावर आप्पा मुद्दाम गावी गेले आणि धीर करून तिला विचारलं. फुईने त्यांना जवळ बसवून त्यांचीच सगळी गोष्ट ऐकवली, पोटुशी बाई, खडक, देवी, काही सोडलं नाही. मग त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तठे कोणी मरनं नही, बेटा. तुनी माय ते तापमा गयी."