वृंदाताईची गाठ

आमच्या दुकानात किमोनो घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे वृंदाताई कधीच बघत नाही. आधी पाय बघते आणि म्हणते, "मोजे काढा. तिथे बर्फातसुद्धा अनवाणी असत."

'तिथे' म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या जपानात, गणिकांच्या वस्तीत. पण सांगण्याची तऱ्हा अशी, की वस्ती इथे सिंगापुरात, आंग मो किओ स्टेशनच्या पुढच्याच स्टॉपवर असावी.

पोशाख भाड्याने देण्याचं हे दुकान मी एका टेबलापासून उभं केलं. घासाघीस करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. माझं नुकसान झालं ते या बाईमुळे. मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाली, भाचीकडे सिंगापूरला आली आणि भाचीला नकोशी झाल्यावर माझ्या गळ्यात पडली. गणिका केस मोडू नयेत म्हणून लाकडी उशीवर मान टेकून झोपत, असं तिने कुठेतरी वाचलं. दुपारी डब्यावर मान ठेवून बघितली. नंतर आठवडाभर गळ्यात पट्टा. गिऱ्हाइकं विचारायची, "अपघात?" ही म्हणायची, "अभ्यास."

गणिकेच्या कमरपट्ट्याची गाठ पुढे हवी, मागे बांधली तर ही सगळं सोडून पुन्हा बांधणार. बाहेर रांग लागलेली असली तरी. "तिथे असं चालत नसे." अगं, तिथे चालत नसेल, इथे भाडं चालू असतं!

कर्णिकबाईंचं काम मी तीन बैठकांत भांडून मिळवलं होतं. तांजोंग पगारमधल्या त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीचं कौटुंबिक जेवण, विषय जपान. हे नीट पार पडलं तर कंपनीचे वर्षभराचे सगळे कार्यक्रम माझे. बाई स्वतः गणिका होणार, मागे कंपनीतल्याच कुणाच्या दोन लहान मुली कामुरो. कामुरो म्हणजे गणिकेच्या हाताखाली राहून तिची कामं करणाऱ्या, तिच्याकडूनच सगळं शिकणाऱ्या पोरी. वृंदाताईने मुलींना आठवडाभर तालीम दिली: बसायचं नाही, बोलायचं नाही, खायला मागायचं नाही. बाई खूश. "ऑथेंटिक हं अगदी!"

त्या दुपारी बाई खुर्चीवर, मुली मागे पंखा आणि पेटी धरून उभ्या. पाहुणे जेवायला बसले. फोटो संपेनात. धाकटी सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली, "आंटी, आय ॲम सो हंग्री, लाह."

"फाइव्ह मिनिट्स, बेटा. स्माइल!" कर्णिकबाई म्हणाल्या.

वृंदाताई सरळ फोटोत घुसली. मुलींच्या हातातल्या वस्तू काढून घेतल्या, कमरपट्टे सोडले, दोघींना बड्या साहेबाच्या टेबलाशी बसवलं आणि भात वाढला.

"अहो, उभं राहायचं तुम्हीच शिकवलंत ना? ऑथेंटिक म्हणून?" कर्णिकबाई म्हणाल्या.

"ऑथेंटिकच झालं होतं," वृंदाताई म्हणाली. "म्हणूनच थांबवलं."

वर्षाचं काम तिथल्या तिथे गेलं. कर्णिकबाईंनी मला लिफ्टपर्यंतसुद्धा सोडलं नाही.

परतीच्या मेट्रोत, एमआरटीत, मी तिला सोलून काढली. लोक बघत होते, बघू देत. "एवढा पुळका होता तर शिकवलंस कशाला?"

ती म्हणाली, "शिकवताना खेळ वाटला गं. त्या पोरीने ओठ चाटले आणि..." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "मला आठव्या वर्षी पुण्याला मावशीकडे ठेवलं. शिकायला म्हणून. पंगत उठेपर्यंत पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहायचं. मालवणी बोलले की सगळे हसायचे, म्हणून ते टाकलं. सुट्टीत घरी गेले, तर आईने मला पाहुणीसारखा पाट मांडला. पुढ्यात बसून बोलेचना. लाजत होती माझ्याशी."

आमचं यिशुन स्टेशन आलं. उतरताना माझा राग आणखीच चढला होता.

स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, मी टेबल धरलं. ती दोन ताटल्या घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवली आणि ट्रे धरून बाजूला उभी राहिली.

"बस की!" मी खेकसले.

"तू कर सुरू. तुझं होऊ दे."

मी चमचा खाली ठेवला. भात गार झाला. ती बसेपर्यंत मी घास घेतला नाही. रागानेच.