साइटचा नंबर

चष्मेवाल्याने दुकानाची वेबसाइट स्वतः बनवली होती, काउंटरवरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर बसून. त्या कॉम्प्युटरवर ती फारच देखणी दिसायची. अडचण एवढीच, की तो कॉम्प्युटर गिऱ्हाइकांकडे नव्हता. त्यांच्याकडे फोन होते. फोनवर अख्खी साइट पोस्टाच्या तिकिटाएवढी व्हायची आणि अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. बोटांनी मोठी करावी, तर अर्धं वाक्य उजवीकडे पळायचं. ते पकडावं, तर डावीकडचं निसटायचं. 'फोन करा' हे बटण दाबायला जावं, तर बोट शेजारच्या 'आमच्या विषयी'वर पडायचं आणि माणसाला चष्मेवाल्याच्या आजोबांचा फोटो बघत बसावं लागायचं.

त्याची मेहुणी पोटापाण्यासाठी लोकांच्या साइट बनवायची. तिने जेवता जेवता सांगितलं, की हल्ली साइट अंगठ्याने चालवता आली पाहिजे.

"माझी गिऱ्हाइकं शिकलेली आहेत," चष्मेवाला म्हणाला. "अंगठेबहाद्दर नाहीत."

"भावोजी, दुकान चष्म्याचं, आणि साइट कुणाला वाचता येत नाही. याहून मोठा विनोद मला तरी सुचणार नाही."

यावर बायको फिस्सकन हसली, आणि तिथेच सगळं बिघडलं. आता साइट बदलणं म्हणजे शरणागती होती.

दुसऱ्याच दिवशी छडीसर दुकानात आले. सर रिटायर झालेले मुख्याध्यापक. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, चष्मेवाला धरून. सरांनी एखाद्या दुकानाला नापास केलं, की ते नापासच. महिन्यापूर्वीच त्यांनी इथून चष्मा नेला होता.

"पेपर वाचता येतो, औषधाची बाटली वाचता येते," सर म्हणाले. "तुझी साइट तेवढी वाचता येत नाही. चष्म्यात खोट आहे."

चष्मेवाला पेचात पडला. चष्म्यात खोट म्हणावी तर धंदा बुडतो, साइटमध्ये म्हणावी तर मेहुणी जिंकते. म्हणून त्याने सरांच्या डोळ्यांतच खोट काढली.

"सर, नंबर वाढलाय."

दुसरा चष्मा झाला. आठ दिवसांनी सर परत हजर. दुकान कधी उघडतं एवढंच हवं असेल तर फोन करून विचारा, असं चष्मेवाल्याने काकुळतीला येऊन सुचवलं. लिहिलेलं वाचायचं असतं, विचारायचं नसतं, असं सरांनी ऐकवलं आणि तिसरा चष्मा करायला लावला. तो घालून ते दुकानाची एक पायरी तीन पायऱ्या असल्यासारखी उतरले. त्याआधी दारातल्या आरशाला नमस्कार करून "आधी तुम्ही व्हा पुढे" म्हणाले होते. साइट मात्र याही चष्म्याने दिसेना. सोमवारी शेवटची परीक्षा, सरांनी जाहीर केलं. तेव्हाही नाही वाचता आली, तर गल्लीत सांगणं भाग आहे.

चष्मेवाला मुकाट्याने मेहुणीकडे गेला. "साइट अंगठ्याने चालली पाहिजे" हे वाक्य तिने त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि एका दुपारीत काम उरकलं. अक्षरं टपोरी, फोनचं बटण बिस्किटाएवढं. साइट बदलल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, असं वचन मात्र त्याने तिच्याकडून घेतलं.

सोमवारी सर आले ते अर्धी गल्ली मागे घेऊन. मेहुणीही मजा बघायला काउंटरपाशी येऊन उभी होती. फोन समोर धरून त्यांनी घडाघडा वाचायला सुरुवात केली. वेळ, पत्ता, सुट्टीचा वार, सगळं.

"पास," सर म्हणाले. "हा चष्मा बरोबर आहे."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ टिकला नाही. मागची सगळी माणसं सरांचाच नंबर मागू लागली. डोळे ज्याचे त्याचे, नंबर ज्याचा त्याचा, हे तो घसा बसेपर्यंत समजावत राहिला. एक बाई तर फ्रेम निवडूनही मोकळ्या झाल्या होत्या.

तेवढ्यात सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला. पुसता पुसता त्यांचं वाचन चालूच होतं. "'आमच्या विषयी' जोडून लिही. आणि 'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व."

सरांनी हातातल्या चष्म्याकडे बघितलं, मग फोनकडे. मेहुणीने तोंड भिंतीकडे फिरवलं. आपलं बिंग फुटलं, हे ओळखून चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले.

"अरे गाढवा," सर गहिवरून म्हणाले, "तू तर माझे डोळेच बरे केलेस."

तिन्ही चष्मे काउंटरवर ठेवून, त्याच्या पाठीवर थाप मारून सर निघून गेले. बाईंनी निवडलेली फ्रेम हळूच मागे सारली.

"मग मलाही चष्मा नको. सरांचे केले तसेच करून द्या."

रांगेने माना डोलावल्या. आता मात्र चष्मेवाल्याचा बांध फुटला. डोळे कुणाचेच बरे केलेले नाहीत, सगळा दोष साइटचा होता, फोनवर एक अक्षर धड दिसत नव्हतं, तीन आठवडे आपण सरांना नुसतं फिरवलं, हे त्याने मेहुणीच्या देखत, भर दुकानात, ओरडून कबूल केलं.

बाईंनी पर्समधून फोन काढला, अंगठ्याने साइट वर-खाली करून पाहिली आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"नसेल करायचं तर तसं सांगा," त्या म्हणाल्या. "उगाच साइटला कशाला नावं ठेवता? चांगली स्वच्छ तर दिसतेय."