दहा नग, चालू स्थितीत

आमच्या वस्तीतल्या शाळेला दहा संगणक भेट मिळाले, तेव्हा सर्वप्रथम त्यांच्या प्रकृतीचा विचार करण्यात आला. त्यांना धूळ बाधते, असे सोबतच्या पत्रकात होते. म्हणून पंखा असलेला एकमेव वर्ग त्यांना देण्यात आला आणि त्या वर्गातली सातवी व्हरांड्यात गेली.

मुलांनी चपला बाहेर काढाव्यात, असे ठरले. मग पायही धुवावेत, असे ठरले. ओल्या पायांना विजेचा धोका संभवतो हे निदर्शनास आल्यावर, मुलांनी खिडकीतून पाहावे, असे ठरले.

मी याच शाळेत एकतीस वर्षे शिकवले. आमच्या वेळी एकच पृथ्वीगोल होता आणि त्याच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असे. निवृत्त झाले तेव्हा त्यावरचा एकही देश पुसट झालेला नव्हता. त्यामुळे हेडमास्तरांची काळजी मला कळत होती.

अडचण आणली माझ्या शेजारणीच्या नातीने. पोर सातवीत, हुशार. मोठ्या शाळेची प्रवेश परीक्षा द्यायची होती आणि ती यंदापासून संगणकावर. आजी माझ्याकडे आली. "बाई, तुमचा शब्द मोडायचे नाहीत ते. तासभर बसू द्या म्हणावं पोरीला."

मी गेले. हेडमास्तरांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि तपासणीचा तक्ता पुढे सरकवला.

"बाई, यात चालू किती आणि बंद किती, एवढंच विचारलंय. मुलं किती शिकली, हा रकाना दाखवा. आत्ता कुलूप काढतो."

मी चष्मा पुसून दोनदा वाचले. रकाना नव्हता.

माणूस मात्र मायाळू. त्यांनी पुठ्ठ्यावर कळफलक काढून दिला आणि माउस म्हणून फळ्याचा डस्टर. पोर आठ दिवस व्हरांड्यात डस्टर सरकवत बसली.

परीक्षेहून पोर परत आली. वेळ संपला तेव्हा पडद्यावर पहिलाच प्रश्न होता म्हणे. आजीने विचारले, "उत्तरं येत नव्हती का गं?"

"सगळी येत होती. पण हात लावला आणि बिघडलं असतं तर?"

वर्षअखेरीस एकही संगणक न बिघडल्याबद्दल शाळेचा सत्कार झाला. आणखी दहा जाहीर झाले; आता सहावी व्हरांड्यात जाईल. ज्यांनी हे संगणक दिले ते तुम्ही सगळे समारंभाला आवर्जून आलात. कुलूप काढले, तुम्ही प्रत्येक पडद्यावरून हळूच बोट फिरवलेत आणि म्हणालात, "वा! अगदी दिले तसेच आहेत."