सदरहू बाई झोपलेल्या आहेत

घर हे माणसाला मूलतः झोपण्यासाठी हवे असते. बाकीची कामे (उदाहरणार्थ खाणे, भांडणे आणि नातेवाइकांची निंदा) तो बाहेरही करू शकतो, किंबहुना बाहेरच अधिक मोकळेपणाने करतो. हे सत्य ज्या देशाच्या कायद्याने सर्वप्रथम ओळखले, नेमके त्याच देशात माझ्या ताईने आणि दाजींनी सुट्टीतले घर घेतले. याला मी आमच्या घराण्याचे भाग्य समजतो.

परदेशात घर घेण्याची कारणे सर्वसाधारणपणे तीन असतात. आपल्या देशातले परवडत नाही, हे पहिले. तिथे आपले नातेवाईक नसतात, हे दुसरे. आणि तिथल्या कागदपत्रांची भाषा येत नसल्यामुळे ती वाचण्याचे कष्ट वाचतात, हे तिसरे व सर्वांत महत्त्वाचे. ताईचे कारण मात्र यांत बसणारे नव्हते. तिची सारी नोकरी एका इस्पितळाच्या तळघरात, क्ष-किरण विभागात गेली. तिथे खिडकी नव्हती. हजारो लोकांच्या बरगड्या तिने पाहिल्या, पण बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला पेशंटच्या छत्रीवरून कळायचे. निवृत्त झाल्यावर तिला एकच गोष्ट करायची होती: स्वतःच्या खिडकीत बसून, समुद्राकडे बघत, एक कप चहा पिणे. ही मागणी बेकायदेशीर आहे, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते.

घर दाखवणारा दलाल आपल्याच भाषेतला होता. (फसवणूक मातृभाषेत झाली की परकी वाटत नाही.) डोंगराच्या उतारावर पांढऱ्या घरांची रांग, खाली निळा समुद्र, आणि दलालाच्या तोंडात साखर.

"ताई, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला.

ताईने डोळे झाकून घेतले. आमच्याकडे मोठ्यांचे आणि दलालांचे ऐकायची पद्धत आहे.

दुसऱ्या वर्षी नोटीस आली. सदरहू बांधकाम हे घर नसून सरकारदप्तरी ती शेतीची अवजारे ठेवण्याची खोली आहे, सबब तीत माणसे आढळल्यास ती पाडण्यात येईल, असे तीत म्हटले होते. (माणसे की खोली, हे वाक्यरचनेवरून स्पष्ट होत नव्हते.) खोलीला दोन बेडरूम, एक गच्ची आणि न्हाणीघरात टब होता. टबमध्ये कोणते अवजार ठेवता, असे चौकशीत विचारले गेले तेव्हा दाजी प्रसंगावधान राखून "विळा" म्हणाले. नोंद झाली.

अशा वेळी माणूस वकील करतो. ताईने एक वकीलबाई केल्या. त्यांनी चार जाड पुस्तके चाळली आणि एका फार जुन्या, फार दयाळू कलमावर बोट ठेवले. कलम असे: अवजारांच्या खोलीत थकलेला मजूर झोपला असेल, तर त्याची झोप होईपर्यंत खोलीस कोणीही हात लावू नये.

"म्हणजे आम्ही झोपलो तर घर वाचतं?" ताईने विचारले.

"वाचतं," वकीलबाई म्हणाल्या. "पण कामाच्या वेळेत झोपायचं. दहा ते पाच. पाचनंतर कायदाही घरी जातो."

"आणि जागं असलो तर?"

"तर तुम्ही बेकायदा रहिवासी. झोपलात की मजूर."

माणसाची पायरी केवळ डोळे मिटल्याने बदलणारे इतके उदार शास्त्र मी दुसरे पाहिलेले नाही. पण कलमात 'थकलेला' असाही शब्द होता, आणि कायद्यात शब्द उगाच पडलेले नसतात. त्यामुळे उतारावरची सगळी मंडळी उजाडताच कुदळी घेऊन डोंगर खणू लागली. विश्रांतीसाठी परदेशी आलेले निवृत्त लोक पहाटेपासून राबत, ते थकण्यासाठी. थकत, ते झोपण्यासाठी. आणि झोपत, ते विश्रांतीसाठी घेतलेले घर राखण्यासाठी. शेजारच्या निवृत्त दंतवैद्यांनी तर एक खड्डा असा काही कोरला, की त्यात सिमेंट भरण्याचा मोह त्यांना आवरेना.

रोज दहाच्या ठोक्याला बुलडोझर येई. झोपमोड झाली तर सरकारवर दावा लागेल, या भीतीने त्याचा चालक तो चढावर इतक्या बेताने आणी, की बुलडोझर चवड्यांवर चालताना मी आयुष्यात प्रथमच पाहिला. पुढे निरीक्षक. हा सज्जन गृहस्थ परदेशी लोकांना नोटिसा बजावता बजावता आमची भाषा शिकला होता. साहजिकच त्याला नोटिशीतले शब्द तेवढे येत. "सदरहू हवा उत्तम आहे," असे तो मनापासून म्हणायचा. मग प्रत्येक घरात जाऊन, नियमाप्रमाणे, पलंगाशेजारी उभा राहून तीनदा विचारायचा, "आपण झोपलेले आहात काय?" उत्तर आले नाही की 'झोपलेले' या रकान्यात खूण. "नाही" असे उत्तर आले की 'जागे' या रकान्यात खूण, आणि बुलडोझर टाचा टेकायचा.

या व्यवस्थेत दाजींचे दिवस पालटले. त्यांची झोप आमच्या घरात कायम चेष्टेचा विषय होती. कार्यालयातल्या निरोप समारंभात ते झोपले होते, आणि तेही स्वतःचे भाषण चालू असताना. आता उतारावर त्यांना मान होता. लोक सल्ला विचारायला येत. "उशी आडवी घ्यावी की उभी?" वगैरे. ज्यांना दिवसा झोप येत नसे, त्यांनी मायदेशातून झोपाळू नातेवाईक मागवले. जे भाऊ, पुतणे, जावई आजवर निरुपयोगी ठरले होते, त्यांना विमानाची तिकिटे जाऊ लागली. मलाही ताईचा फोन आला.

"तू तिथं काही करत नाहीसच," ती म्हणाली, "ते इथं येऊन नको करूस."

मी गेलो. माझ्या पाहणीनुसार उतारावरचे सत्तर टक्के लोक गाढ झोपत, वीस टक्के झोप येत नाही म्हणून रडत, आणि उरलेले दहा टक्के सत्तर टक्क्यांच्या घोरण्याबद्दल तक्रार करत.

ताई वीस टक्क्यांत होती. नोटीस आल्यापासून तिचा डोळा लागला नव्हता. दहा ते पाच ती भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून पडून राही. पाठीमागे तिची खिडकी, खिडकीत तिचा समुद्र, आणि दोन्हींवर पडदा. (उघड्या पडद्यावरून आत कोणी जागे असल्याचा संशय घेता येतो.) पाच वाजता ती पडदा बाजूला ओढायची, पण हिवाळ्यात कायद्याबरोबर सूर्यही घरी जातो. खिडकीत नुसता काळोख असायचा. कुदळ मारताना समुद्र दिसतो की, असे मी एकदा म्हणालो.

"दिसतो रे. पण तिथं खिडकी नाही," ती म्हणाली. माझ्या ताईने आयुष्यभर कोणाकडे काही मागितले नाही, आणि मागितली ती एक खिडकी, तीसुद्धा पाठ करून निजण्यासाठी मिळाली.

पुढे व्हायचे तेच झाले. कोणत्याही छंदाची नोकरी झाली की तो छंद मरतो. सगळ्या उताराची भिस्त आपल्या घोरण्यावर आहे, ही जाणीव दाजींना झाली आणि त्यांची झोप उडाली. ते मेंढ्या मोजू लागले, मग मेंढ्यांची नावे ठेवू लागले, मग त्यांतली एक हरवली म्हणून काळजी करू लागले. अखेर एका सकाळी निरीक्षक त्यांच्यावर वाकून म्हणाला, "सदरहू पापणी हलत आहे."

आम्ही तिघेही त्या खोलीत होतो. मी जमिनीवर सतरंजीवर पडून झोपल्यासारखा श्वास घेत होतो. (तो कसा घेतात, हे जागेपणी आठवत नाही, हे मला तेव्हा कळले.)

"आपण झोपलेले आहात काय?" निरीक्षकाने विचारले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

दाजी जन्मात खोटे बोललेले नाहीत. ते उठून बसले आणि त्यांना रडूच फुटले. "नाही हो साहेब. काय करू, येतच नाही!"

निरीक्षकाने जड मनाने 'जागे' या रकान्यात खूण केली. बाहेर बुलडोझरने टाचा टेकल्या आणि यंत्र धडधडू लागले. गच्चीवरच्या कुंड्या थरथरल्या. "एक जागा, तर बाकीच्यांवरही संशय घेणे भाग," निरीक्षक म्हणाला. "सबब उर्वरित दोन इसमांची तपासणी करून, कोणीही झोपलेले न आढळल्यास पाडकामास प्रारंभ करण्यात येईल. अधोस्वाक्षरीकर्ता दिलगीर आहे."

एवढ्यात ताई उठली.

ती कोणाकडेही न बघता स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवल्याचा आवाज आला. आले किसल्याचा वास आला. कप घेऊन ती बाहेर आली, सर्रकन पडदा ओढला आणि खिडकीत खुर्ची टाकून बसली. भर उन्हातला समुद्र खोलीत शिरला. ताई बघत राहिली. तिने चहाचा पहिला घोट घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही समाधान पसरले, की दाजी रडायचे थांबले.

निरीक्षक गोंधळला. पण नियम म्हणजे नियम. तो खुर्चीशेजारी गेला. "आपण झोपलेल्या आहात काय?"

"हो," ताई म्हणाली.

"आपण... झोपलेल्या आहात काय?"

"हो म्हटलं ना."

"आपण झोपलेल्या आहात काय?"

"गाढ," ताई म्हणाली. "आणि तुम्ही बोललात तर मोडेल. चहा घेणार?"

निरीक्षकाने नियमपुस्तिका काढली. उत्तर न येण्याची तरतूद होती. "नाही" या उत्तराची तरतूद होती. "हो" म्हणणाऱ्या झोपलेल्या माणसाची शक्यता तो दयाळू कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आलेली नव्हती. पण प्रश्न सरकारी होता, उत्तर होकारार्थी होते, आणि रकाने दोनच होते. त्याने 'झोपलेल्या' या रकान्यात खूण केली. झोपेचे सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. तिथे ते तेव्हापासून पोटकलम झाले. बाहेर येऊन त्याने चालकाला हळू आवाजात सांगितले, "सदरहू बाई झोपलेल्या आहेत. यंत्र बंद." मग परत आत येऊन त्याने चहा घेतला, आणि सदरहू चहा उत्तम असल्याचे नमूद केले. मला ताईचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

आठवड्याभरात सगळा उतार उघड्या डोळ्यांनी झोपू लागला. लोक झोपेत बागकाम करतात, झोपेत पत्ते खेळतात, दंतवैद्य झोपेत शेजाऱ्यांचे दात बघून देतात. कुदळी टबमध्ये ठेवल्या आहेत, जेणेकरून तेही कायदेशीर व्हावे. बुलडोझरचा चालक रोज येतो, खाली सावलीत यंत्र लावतो आणि स्वतःही झोपतो (तो मात्र खरा).

काही किरकोळ गैरसोयी आहेत. झोपलेल्या माणसाची सही चालत नाही, त्यामुळे दलालावरचा दावा ताई जागी होईपर्यंत तहकूब आहे. झोपलेल्यांना पाणी लागत नाही, म्हणून नळ दिवसाआड येतो. झोपलेल्यांना रस्ता लागत नाही, म्हणून तो दुरुस्त होत नाही. दलाल अधूनमधून चहाला येतो. पलीकडच्या डोंगरावर त्याने नवी घरे काढली आहेत आणि नव्या गिऱ्हाइकांना तो लांबून ताईची खिडकी दाखवतो. "बघा, किती शांत झोपल्यात." ताईचे रक्त कधीकधी खवळते. ती तोंड उघडणार, एवढ्यात दाजी तिचा हात धरतात. "गप. जागी होशील." मग ती समुद्राकडे बघते आणि चहा पिते. चहा बराच वेळ हातात धरल्याने गार झालेला असतो.

हे वाचून तुम्ही हसला असाल. आपल्याकडे असले चमत्कारिक कलम नाही बुवा, असेही मनात आले असेल. तर मग एवढेच आठवून पाहा: तुमच्या इमारतीत राहायची परवानगी देणारा तो भोगवट्याचा दाखला अजून आलेला नाही, हा विषय मागच्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी काढला होता. अध्यक्षांनी तीनदा विचारले, "कोणाला काही बोलायचं आहे काय?" तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. डोळे उघडे होते. हातात चहा होता.

कार्यवृत्तात तुमची नोंद अगदी योग्य रकान्यात झालेली आहे. उठू नका.