दारावरची उंची

बारक्यानं कुलूप उघडायला किल्ली पुढे केली आणि त्याच्या लक्षात आलं, की दार उघडंच आहे. आतून रंगाचा वास येत होता आणि कुणीतरी मजेत शीळ घालत होतं. रिकाम्या घरातून धावत तो स्वयंपाकघराशी पोचला, तर रंगारी स्टुलावरून उतरून, ब्रश डब्यावर आडवा ठेवून, मान तिरकी करून आपल्याच कामाकडे कौतुकानं बघत होता. स्वयंपाकघराचं दार पांढरंशुभ्र झालं होतं.

“हे काय केलंत तुम्ही?”

“एक हात मारला. दुसरा संध्याकाळी. बाईंनी सांगितलं, सगळी दारं रंगवा. बाकीची झाली, हे शेवटचं. रंग फार प्यायलं बुवा हे, अगदी कोऱ्या लाकडासारखं.”

“अहो, याच्यावर खुणा होत्या!”

“मला नाही दिसल्या.”

“पेन्सिलीच्या! खालपासून वरपर्यंत!”

“आम्ही दारं रंगवायला येतो दादा, वाचायला नाही,” रंगारी म्हणाला आणि हात पुसून चहा प्यायला निघून गेला.

आता या दाराची भानगड तुम्हाला सांगायला हवी. बारक्याचे आईबाबा हे घर विकून चार दिवसांपूर्वीच लहानशा फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. आईनं मोठं कपाट देऊन टाकलं, आरसा देऊन टाकला, लग्नातला पलंगसुद्धा डोळ्यातून टिपूस न काढता देऊन टाकला. हट्ट धरला तो फक्त स्वयंपाकघराच्या दाराचा. दोन्ही पोरांच्या प्रत्येक वाढदिवसाला तिनं त्यांना या दाराच्या आतल्या बाजूला उभं करून डोक्यावर रेघ मारली होती आणि शेजारी वय लिहिलं होतं. ते दार तिला नव्या घरी न्यायचं होतं. तिथे ते बसणार कुठे, असं बाबांनी एकदा विचारलं होतं. पुन्हा नाही विचारलं.

आणि हे काम बारक्यावर सोपवलं होतं. शनिवारी संध्याकाळी सुताराला घेऊन जायचं, दार उतरवून घ्यायचं आणि त्या जागी नवं बसवून घ्यायचं, म्हणजे रविवारी रंगारी यायला मोकळा. कामाला एक अटही चिकटलेली होती. बारक्याला नोकरीच्या गावी स्वतःची खोली घेऊन एकटं राहायचं होतं. “ज्याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, तो एकटा राहणार?” असं म्हणून आईनं तीन महिने हा विषय दाबून ठेवला होता. शेवटी ती म्हणाली होती, “हे एक काम नीट कर. मग खुशाल जा.”

शनिवारी संध्याकाळी बारक्या निघालाही होता. वाटेत गाद्यांचं दुकान लागलं. खोलीसाठी गादी तर लागणारच, म्हणून तो आत शिरला. दुकानदार म्हणाला, पडून बघा. बारक्या पडला. पडल्या पडल्या त्यानं खिडकीला पडदे लावले, भिंतीला शेल्फ ठोकलं, मित्रांना जेवायला बोलावलं आणि त्याला झोप लागली. शटर ओढायच्या वेळी दुकानदारानं पाय धरून हलवलं, तेव्हा सुतार केव्हाच घरी गेला असणार होता.

रंगारी यायच्या आत पोचायचं म्हणून तो आज आला होता, तर आता त्याच्यासमोर पांढरं दार होतं आणि खोली हातची चालली होती. त्यानं ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहणारी.

“ताई, लगेच जुन्या घरी ये. आईला सांगू नकोस.”

“काय फोडलंस?”

“फोडलं नाही. ये तू.”

ताई आली ती बाबांना घेऊन. बाबा तिच्याकडे पेपर वाचायला गेले होते आणि ‘आईला सांगू नकोस’ हे शब्द ऐकून पेपर टाकून उठले होते. दार बघताच बाबा म्हणाले, “मेलास.”

“बाबा, खुणा परत काढता येतील,” बारक्या म्हणाला. “आपण तिघं आहोत. आठवून आठवून काढू.”

“आणि पांढरा रंग? तो आठवून आठवून पिवळा करणार का?” ताई म्हणाली.

यावर बाबांनी थोडा विचार केला. “सांगायचं, रंगारी फार कसबी माणूस होता. खुणा सोडून मधे मधे रंग लावला.”

दोघं पोरं बापाकडे बघत राहिली. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून हेच ठरलं.

खरी पंचाईत पुढे होती. कोण कितव्या वर्षी केवढं होतं, हे सांगणार कोण? मग ताईला युक्ती सुचली. घर तर जागेवर होतं ना! ती ओट्याशी गेली. “पाचव्या वाढदिवशी तू धावत आलास आणि या कडेवर कपाळ आपटलंस. म्हणजे पाचवं वर्ष ओट्याच्या किंचित वर.” तिनं ओढणी ओट्याला लावून माप घेतलं, तिथे गाठ मारली आणि दाराशी आणलं. सातव्या वर्षी ताईचं नाक बैठकीतल्या दिव्याच्या बटणाला लागायचं. सहाव्या वर्षी बारक्या खिडकीच्या कट्ट्याखालून न वाकता जायचा. तिघं गाठी मारलेली ओढणी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरू लागली. रिकाम्या भिंतींना आपलं डोकं कुठे कुठे आपटलं होतं, ते त्यांना भराभर आठवायला लागलं. बारक्याला उगाचच भरून आलं. पंधरा मिनिटांपूर्वी त्याला या घराची नुसती धास्ती होती.

“नववं वर्ष?” त्यानं विचारलं.

“गॅलरीच्या कठड्यावरून तुला खालची वरात दिसत नव्हती,” ताई म्हणाली. “मी उचलून दाखवली. कंबर धरली होती माझी. म्हणजे कठड्याच्या खाली.”

“इतका नव्हतो मी बुटका.”

“होतास.”

“आईनं माझी रेघ तुझ्या रेघेएवढी मारली होती. मला पक्कं आठवतंय.”

“स्वप्नात,” ताई म्हणाली आणि तिनं कठड्याच्या मापानं रेघ मारली. अक्षर अगदी आईचं आलं. तोच मागे झुकलेला नऊ, तीच शेपटी.

“हे तुला कसं जमतं गं?” बाबांनी विचारलं.

“शाळेत दांडी मारली की चिठ्ठी लागायची,” ताई म्हणून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

रंग ओला होता, हे एव्हाना त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पेन्सिल टेकवली की रंगात नांगरल्यासारखा चर पडायचा. ताईनं घरून हेअर ड्रायर आणवला, पण त्यानं दाराला सुकवण्याऐवजी जमिनीवरची धूळ उडवून त्यावर चिकटवली. “बरंच झालं,” बाबा म्हणाले, “जुनं दिसतंय.”

इथवर सगळं प्रामाणिक होतं, म्हणजे खोटेपणा करताना जेवढं प्रामाणिक राहता येतं तेवढं. बिघडवलं ते बाबांनी. हे घर घेतलं त्या वर्षी नवराबायकोंनी गंमत म्हणून आपल्याही रेघा मारल्या होत्या आणि आईची रेघ बाबांच्या रेघेच्या बोटभर वर निघाली होती. पाहुणा आला की आई पाणी द्यायच्या आधी त्याला ते दार दाखवायची.

“आता नव्यानंच काढतोय, तर,” बाबा खाकरले, “माझी जरा वर घे.”

“बाबा!”

“बोटभर. दोन बोटं. मी उभाच राहतो, बघ.” ते दाराला पाठ लावून ताठ उभे राहिले. बाजूला झाले, तेव्हा शर्टाच्या पाठीवर पांढरा पट्टा उमटला होता आणि दारावर शर्टाचा चट्टा.

एकदा धरण फुटल्यावर काय? ताईनं आपली सातव्या वर्षाची रेघ वर सरकवली. बारक्यानं ती बघितली आणि आपली आठव्याची तिच्याही वर नेली. ताईनं त्याला ढकललं, तो पाठीनं दारावर आदळला. तिला ओढायला गेला, तीही आदळली. रंगारी चहा पिऊन परत आला, तेव्हा तिघं पांढऱ्या पाठींची माणसं एका पेन्सिलीसाठी झोंबत होती.

“बाई आल्यात खाली,” तो म्हणाला. “जिन्यात आहेत.”

आई आत आली, तेव्हा नवरा, मुलगी आणि मुलगा भिंतीला पाठ लावून रांगेत उभे होते. तिनं तिघांकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं.

“रंगारी फार कसबी माणूस आहे,” बाबांनी सुरुवात केली. “खुणा सोडून मधे मधे...”

“पाठी फिरवा बघू,” आई म्हणाली.

तिघांनी पाठी फिरवल्या. आई दाराशी वाकली आणि खालपासून वाचत वर गेली. “अभिनंदन,” ती बाबांना म्हणाली, “लग्नानंतर वाढलात की! आणि ताई, सातव्या वर्षी तू एवढी होतीस? पंख्यात अडकली असतीस.” मग ती बारक्यासमोर आली. “काल तू सुताराकडे गेला नाहीस.”

“नाही,” बारक्या म्हणाला. “गादीच्या दुकानात झोपलो.”

“मला वाटलंच होतं. म्हणजे गादीचं नाही, न जाण्याचं. म्हणून मीच गेले. दार काल संध्याकाळीच उतरवलं, रात्री सुताराकडे ठेवलं आणि आज तुम्ही बाहेर पडल्यावर नव्या घरी आणलं. तुम्ही हे जे चितारून ठेवलंय ना, ते नवं दार आहे. उद्या किल्ली देताना त्या लोकांना मी काय सांगू, की घराबरोबर आमची उंची फुकट?”

“तू मला सांगितलं नाहीस!” बाबा म्हणाले.

“तुमच्या तोंडात तीळ भिजतो का?”

रंगाऱ्यानं छाती पुढे काढली. “मी म्हटलं होतं, खुणा नव्हत्या!”

“तुम्ही दुसरा हात मारा,” आई म्हणाली. “नीट मारा. काही दिसता कामा नये.” आणि बारक्याकडे न बघता ती जिना उतरायला लागली. त्याला कळलं, खोली गेली. त्याला स्वतःचाच एवढा राग आला, की गादीचा आणि दुकानदाराचा राग यायला जागाच उरली नाही. पडदे, शेल्फ, मित्रांचं जेवण, सगळं एका डुलकीत गेलं.

नव्या घरी जुनं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पिवळट, ओरखडलेलं, कडीची जागा झिजलेली. बारक्या त्याच्यासमोर जमिनीवर बसला. एकेका रेघेवरून बोट फिरवत तो म्हणाला, “ताई, इकडे ये. नववं वर्ष.”

ताई आली. दोघांच्या नवव्या वर्षाच्या रेघा अगदी एका पातळीवर होत्या. तिनं गाठीची ओढणी लावून बघितली. कठड्याची गाठ बारक्याच्या रेघेखाली चांगली चार बोटं राहिली.

“असं कसं? मी उचललं होतं तुला. मला चांगलं आठवतंय.”

आई पलीकडे चादरींच्या घड्या घालत होती. तिनं झालेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

“आई?” बारक्या म्हणाला.

“तू किती रडत होतास त्या दिवशी,” आई म्हणाली. “ताईच्या नवव्या रेघेएवढा झालो नाही म्हणून वाढदिवसाला जेवायला तयार नव्हतास. चार बोटं वर मारली रेघ. काय आभाळ कोसळलं?”

“फक्त नववं?” ताईनं विचारलं.

आईनं दुसरी घडी घेतली. “दहावंही. मग एकदम कमी कसं दाखवणार? अकरावंही थोडं.”

बाबा आनंदानं उभेच राहिले. “म्हणजे खोटं दार हे! निदान नववं वर्ष तरी खरं होतं ते तिकडे, आणि त्याच्यावर तू आत्ता रंग मारायला लावलास!”

बारक्यानं घाईघाईनं रंगाऱ्याला फोन लावला. “थांबा! दुसरा हात मारू नका!”

“मारला पण,” रंगारी समाधानानं म्हणाला. “आता शोधून दाखवा एक जरी खूण.”

बारक्यानं फोन खाली ठेवला आणि तो हसायला लागला. ताई हसली, बाबा हसले. आई हसू दाबायला गेली आणि तिला जमलं नाही. मग बारक्या हसता हसता थांबला. “आई,” त्यानं हळूच विचारलं, “खोलीचं काय मग?”

आईनं त्या नवव्या रेघेकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे, मान चांगली वर करून.

“रडणार नसशील तर जा,” ती म्हणाली.

“मी कशाला रडतोय!” बारक्या म्हणाला. आईनं हातातली चादर तोंडाशी धरली होती, म्हणून तिला उत्तर देता आलं नाही.